चार सायलेन्सर

नोव्हेंबर उजाडला की सेंत-युडॉक्सी गावात 'टायर' हा शब्द कोणी उच्चारत नाही. गरजच पडत नाही. पोस्टात, बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर जो तो एकमेकांना एवढंच विचारतो, "बसवले का?" आणि समोरचा सांगतो, "गुरुवारचा नंबर आहे," किंवा "अजून नाही बुवा." एक डिसेंबरला हिवाळी टायरांशिवाय गाडी रस्त्यावर दिसली की पोलीस दंड करतात, त्यामुळे कॅनडातलं सगळं केबेक त्या एका महिन्यात गॅरेजांच्या दारात रांगा लावून उभं असतं. तेव्हा मारिएल तिबोने गॅरेजच्या मशीनवर निरोप ठेवताना 'टायर' म्हटलं नाही, यात तिची काहीच चूक नव्हती.

ती म्हणाली होती, "मी मारिएल तिबो बोलतेय. मला हिवाळ्यासाठी चार सिलाँस्यो पाहिजेत. अगदी खात्रीचे. जमेल तितक्या लवकर."

आता त्यांच्या फ्रेंचमध्ये सिलाँस्यो म्हणजे शांत, आवाज न करणारा. आणि गाडीच्या धुराच्या नळीवर जो सायलेन्सर बसवतात, त्यालाही सिलाँस्योच म्हणतात. निरोप ऐकला तो ओव्हिला पेल्तिएने. गॅरेज आता त्याची मुलगी जोसियान चालवते. ऐंशी वर्षांचा ओव्हिला फक्त फोन घेतो, गिऱ्हाइकांची कार्डं भरतो आणि विजेच्या गाड्यांना नावं ठेवतो. त्याने कार्डावर लिहिलं, 'मादाम तिबो. विजेची गाडी. सायलेन्सर, चार नग.' मग स्वतःच लिहिलेलं पुन्हा वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. ज्या गाडीला इंजिन नाही, धूर नाही, धुराची नळी नाही, तिला सायलेन्सर! आणि तेही एक नाही, चार!

दुपारी तो चौकातल्या खानावळीत गेला आणि वाटाण्याच्या सुपाबरोबर ही गोष्ट त्याने सगळ्यांना वाढली. संध्याकाळपर्यंत ती गावभर झाली. एक मारिएल सोडून सगळ्यांना कळली.

मारिएलला हसण्यासारखं काही नव्हतंच. तीन वर्षांपूर्वी तिने ही गाडी घेतली ती केवळ गाडी गप्प असते म्हणून. पेट्रोल लागत नाही, हवा खराब होत नाही, हे सगळं लोकांना सांगायला. खरं कारण होतं ओनिल.

ओनिल तिचा नवरा. चाळीसहून जास्त वर्षं त्याने नदीकाठच्या गावांतून नाचाचा पुकारा केला होता. लग्न असो, नाताळ असो, व्हायोलिन सुरू झालं आणि जोड्या फेर धरून उभ्या राहिल्या की कोपऱ्यातल्या खुर्चीवर चढून हा ओरडणार: बायका आत, बाप्ये बाहेर, डावा हात सोडा, आपलीला गाठा! दोनशे माणसांचे पाय त्याच्या आवाजाच्या मुठीत. माईक त्याने कधी हातात धरला नाही. माईक म्हणजे घसा बसलेल्यांची कुबडी, असं म्हणायचा. आणि मग कंपवात झाला. त्याने ओनिलचे हात थोडेसे घेतले आणि आवाज जवळजवळ सगळा घेतला. डोकं शाबूत, जीभ शाबूत, चेष्टामस्करी शाबूत, पण जे काही बाहेर येई ती कुजबुज. त्यातही वाईट हे, की त्याला स्वतःला वाटे, आपण नेहमीसारखंच बोलतोय, बाकीचेच बहिरे झालेत.

गळ्यात अडकवायचं एक छोटं यंत्र मिळतं, आवाज मोठा करणारं. ते त्याने एकदा लावून पाहिलं आणि कपाटात टाकलं. घरी मारिएल त्याच्या तोंडाशी कान नेऊन ऐकायला लागली की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. "मी काय मरायला टेकलोय का?" असं तो विचारी, आणि तेही तिला दोनदा ऐकावं लागे. पण गाडीत बसला की तो वेगळाच माणूस. दोघं शेजारी शेजारी, कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, समोर रस्ता, डाव्या हाताला नदी. दर मंगळवारी आवाजाच्या शिकवणीसाठी रिमूस्कीला जायचं, साठ किलोमीटर जाणं आणि साठ येणं. त्या दोन तासांत ओनिल आठवडाभराचं बोलून घ्यायचा आणि मारिएल ऐकून घ्यायची. त्यांचा संसार आता त्या दोन तासांत होता म्हटलं तरी चालेल.

गाडीबरोबर आलेल्या टायरांत आतल्या बाजूने स्पंजचा जाड पट्टा चिकटवलेला होता, आवाज पिऊन टाकणारा. पण विजेची गाडी जड, आणि पाय लावला की एकदम जोर घेणारी. टायर भराभर झिजले. एप्रिलमध्ये ओनिलच्या धाकट्या भावाने, रोझेरने, कुठून तरी स्वस्तातले चार मिळवून दिले. रोझेरला कशातलं कळत नाही असं जगात काही नाही. तो म्हणाला, "वहिनी, टायर तो टायर. गोल असला म्हणजे झालं."

गोल होते. पण गाडी साठच्या पुढे गेली की शेजारच्या खोलीत कोणी पिठाची गिरणी लावावी तसा आवाज. त्या आवाजात ओनिल बुडाला. दोनदा "काय?" विचारलं की तिसऱ्यांदा तो "काही नाही" म्हणायचा, आणि त्या 'काही नाही'ची मारिएलला फार धास्ती होती. म्हणून तिने विचारणंच सोडलं. त्याचे ओठ हलले की ती म्हणे, "हो ना." कधी "खरंय." कधी नुसतीच हसे. तिने कान तपासून घेतले. कान ठणठणीत निघाले. सात महिने तिने असे 'हो ना'वर काढले, आणि दर मंगळवारी रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला चोरी केल्यासारखं वाटत राही.

आता जुने हिवाळी टायरही गुळगुळीत झाले होते. नवे घ्यायचे, तर पुढचे पाच महिने त्यांच्यावरच काढायचे. शिकवणीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की सरावाने आवाज आहे तेवढा टिकतो, गेलेला परत येत नाही. म्हणजे हे पाच महिने वाया गेले तर उन्हाळ्यात ऐकायला काय उरलेलं असेल, कोण सांगणार?

मंगळवारी संध्याकाळी रोझेर येऊन बसला. कॉफीत साखर ढवळता ढवळता त्याने निकाल देऊन टाकला.

"खिळ्यांचे घे, वहिनी. दुसरा विचारच करू नको. नदीवरून वारा सुटला की रस्त्यावर नुसती काच होते."

"खिळे आवाज करतात, रोझेर."

"करू देत की. खड्ड्यात पडल्यावर शांतताच शांतता असते."

ओनिल खिडकीपाशी बसून काहीतरी म्हणाला. दोघांनीही "हो ना" म्हटलं.

बुधवारी मारिएल पत्र टाकायला पोस्टात गेली. खिडकीमागून डोरिसने तिकीट पुढे सरकवलं आणि विचारलं, "काय गं मारिएल, बसवले का सायलेन्सर?" रांगेतले चारपाच जण एकदम फिसकन हसले. मारिएलला आधी काही कळेचना. मग एकाने समजावून सांगितलं, आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने पत्र आणि तिकीट तसंच खिडकीवर सोडलं आणि तडक गॅरेज गाठलं.

ओव्हिला फोनपाशी बसला होता. आत दोन गाड्या वर उचललेल्या, आणि त्यांच्याखाली जोसियान पान्हा घेऊन उभी.

"ओव्हिला," मारिएल म्हणाली, "सोळा वर्षं मी या गावाची पोरं शाळेच्या बसमधून नेली-आणली. तुझी नातवंडं धरून. विजेच्या गाडीला सायलेन्सर नसतो एवढं मला कळत नसेल का रे?"

"अगं, रागावतेस काय? तूच म्हणालीस सिलाँस्यो. मशीनवर आहे अजून. ऐकवू?"

"तू ऐक आता. मला टायर पाहिजेत, आवाज न करणारे. माझा नवरा माझ्याशी बोलतो आणि मला ऐकू येत नाही. सात महिने झाले. मी नुसती मान डोलावते. कशाला डोलावते ते देवाला माहीत. तो त्या गाडीत सोडून कुठे बोलत नाही, आणि गाडीत टायर त्याला बोलू देत नाहीत. पुढच्या वर्षी त्याचा आवाज असेल की नसेल, मला ठाऊक नाही. आता जा खानावळीत आणि हेही सांग सगळ्यांना."

एवढं ती आजवर कोणाला बोलली नव्हती. सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. बोलून झाल्यावर तिलाच दम लागला. गॅरेजमधला पान्हा थांबला होता.

ओव्हिलाने डोक्यावरची टोपी काढली आणि उगाच तिच्या आत बघत बसला. "माझ्या लग्नात पुकारा त्यानेच केला," तो म्हणाला. "त्याचा तो पहिलाच. एकोणीस वर्षांचा होता. खुर्चीवरून पडला, तरी पडल्या पडल्या ओरडत होता." मग त्याने कार्ड काढलं, सायलेन्सरवर काट मारली आणि पेन हातात धरून मुलीकडे पाहिलं. पुढे काय लिहायचं ते त्याला सुचेना.

जोसियान हात पुसत बाहेर आली. चाळिशीची, बोलण्यात तुटक, पण कामाला वाघीण.

"बसा, मादाम तिबो. हे बघा, टायर घेताना तीन गोष्टी असतात. बर्फावर पकड, एका चार्जमध्ये किती लांब जाल ते, आणि आवाज. तिन्ही पुरेपूर देणारा टायर अजून कोणी काढलेला नाही. तुम्ही जास्तीत जास्त कुठे जाता?"

"रिमूस्की. जाऊन येऊन एकशेवीस."

"मग लांब जाण्याची काळजी सोडा. जानेवारीतही गाडी तेवढं जाऊन परत येईल. आता, टायर किती वजन पेलेल त्याचा आकडा त्याच्यावर असतो. तुमच्या गाडीला लागतो त्याच्या खालचा मी बसवणार नाही, फुकट मिळाला तरी. बॅटरीच केवढी जड असते. म्हणजे राहिलं काय, पकड आणि आवाज."

"रोझेर म्हणतो खिळ्यांचे घ्या."

"रोझेर बरंच काही म्हणतो," ओव्हिला पुटपुटला.

"बर्फावर खिळे चांगले, त्यात वाद नाही," जोसियान म्हणाली. "पण कोरड्या रस्त्यावर कडकड वाजतात. बिनखिळ्यांचे, मऊ रबराचे, आत स्पंज लावलेले मिळतात. महाग आहेत. कंपनी म्हणते, शांत. पण तुमच्या गाडीत, तुमच्या रस्त्यावर, तुमच्या नवऱ्याच्या आवाजाला पुरतील एवढे शांत का, ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. ते ऐकूनच बघायला पाहिजे."

"टायर म्हणजे काय कलिंगड आहे, वाजवून घ्यायला?"

"बघू या की वाजवून," जोसियान म्हणाली.

गॅरेजच्या मागे एक लांबलचक शेड आहे. अर्ध्या गावाचे टायर तिथे ठेवणीला असतात, उन्हाळ्यात हिवाळ्याचे आणि हिवाळ्यात उन्हाळ्याचे, प्रत्येकावर खडूने नाव. पोस्टातल्या डोरिसकडे हीच गाडी होती, आणि तिची खिळ्यांची चाकं शेडमध्ये होती. जोसियानकडेही हीच गाडी. तिची चाकं स्पंजवाली, मागच्या महिन्यात आणलेली, अजून एकदाही न लावलेली. जोसियानने डोरिसला फोन केला. डोरिस म्हणाली, दिवसभर ठेवा म्हणावं, आठवडाभर ठेवा. मग आवाज खाली आणून म्हणाली, मारिएलचं पत्र मी तिकीट लावून पाठवलंय, तेवढं तिला सांग.

गुरुवारी दुपारी ओनिलला घेऊन मारिएल आली तेव्हा रोझेर आधीच हजर होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. ठरलं असं: मारिएल चालवणार, ओनिल तिच्या शेजारी, मागे जोसियान आणि रोझेर. गॅरेजपासून बोटीच्या धक्क्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, दर वेळी त्याच वेगाने. ओनिलने बोलत राहायचं, आणि जोसियानने जे ऐकू येईल ते वहीत लिहायचं.

"काय बोलू?" ओनिलने विचारलं. गाडी उभी होती, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"पुकारा करा," जोसियान म्हणाली. "मध्ये मध्ये मनाचं घाला."

पहिली फेरी आहेत त्या टायरांवर. ओनिल बोलत होता, त्याचा हात गुडघ्यावर ठेका धरत होता, आणि गिरणी चालू होती. धक्क्यावर पोचल्यावर जोसियानने वही दाखवली. तिच्यावर दोन शब्द होते, 'बायका' आणि 'डावा'.

मग डोरिसची खिळ्यांची चाकं लागली. रस्ता कोरडा होता. पत्र्याच्या छपरावर कोणी अखंड वाटाणे ओतत राहावं तसा आवाज. परतल्यावर वही कोरीच होती.

"मला आलं ऐकू," रोझेर म्हणाला. "उगाच बाऊ करता तुम्ही. तो म्हणाला, थंडी वाजते."

मारिएलने हीटर वाढवला. ओनिलने डोळे मिटून घेतले आणि नुसती मान हलवली.

तिसऱ्यांदा जोसियानने आपली चाकं चढवली. नट आवळून झाले, सगळे बसले, गाडी गावाबाहेर आली. साठ. सत्तर. ऐंशी. मारिएल श्वास रोखून बसली होती. खालून एक बारीक घरघर येत होती, झोपलेल्या माणसाची असते तशी. आणि तिच्यावर, अगदी स्वच्छ, ओनिलचा आवाज:

"मी थंडी वाजते असं म्हणालोच नव्हतो. मी म्हणालो, रोझेरने माझी करवत नेली त्याला सहा वर्षं झाली."

मागे जोसियानने वळून रोझेरकडे पाहिलं. मग रोझेर म्हणाला, "ती मी आणणारच होतो."

जोसियान वहीत भराभर लिहायला लागली. ओनिलला आता रंग चढला. "बायका आत, बाप्ये बाहेर. जोसियान, तुझा बाप चांगला नाचायचा, पण डावं-उजवं त्याला कधी कळलं नाही. डावा हात सोडा. रोझेर, तू कोणाचाच हात धरू नकोस. आपलीला गाठा." मग थोडा थांबून तो म्हणाला, "माझीला गाठणं कठीण झालंय. ती सगळ्याला हो म्हणते. जूनमध्ये मी म्हणालो, मारिएल, समोर रस्त्यावर मूस उभा आहे, घोड्याएवढा, शिंगांसकट. ती म्हणाली, हो ना, किती छान."

रोझेर मोठ्याने हसला. जोसियानही हसली. मारिएलचे कान गरम झाले. म्हणजे त्याला माहीत होतं. सगळे सात महिने माहीत होतं. तिने रस्त्यावरून नजर हलवली नाही, आणि तिला एकाच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि आनंदही झाला, कारण तो टोमणा तिला शब्दन् शब्द ऐकू आला होता.

धक्क्याच्या उतारावर सावलीत सकाळपासूनचं पाणी गोठलेलं होतं. मारिएलने मुद्दाम गाडी त्याच्यावर नेली आणि ब्रेक दाबला. गाडी थोडी घसरली आणि थांबली.

"खिळे असते तर आधी थांबली असती," रोझेर म्हणाला. या वेळी त्याचं खरं होतं.

"दोन हात आधी," मारिएल म्हणाली. "ते दोन हात मी लक्षात ठेवीन. सोळा वर्षं बस चालवलीय मी, रोझेर, त्याही बिनखिळ्यांच्या टायरांवर. आणि वादळ असेल त्या मंगळवारी मी घराबाहेर पडणारच नाही. शिकवणी बुडाली तर बुडाली." मग ती जोसियानला म्हणाली, "हेच. हे चार मागव."

गॅरेजमध्ये आल्यावर जोसियानने दोन-तीन ठिकाणी फोन लावले. तिचा चेहरा बघूनच मारिएलला कळलं. हा टायर, हा आकार, वजनाचा हा आकडा, कुठेच शिल्लक नव्हता. नाताळच्या आधी येणं शक्य नाही. आणि कायदा एक डिसेंबरचा.

"मग?" मारिएलने विचारलं. तिचा आवाज ओनिलइतकाच बारीक झाला होता.

जोसियानने फोन ठेवला. "मग काय? चाकं गाडीलाच आहेत. राहू देत तशीच. तुमचे आले की ते मी माझ्या गाडीला लावीन."

"आणि तोवर तू काय करणार?"

"बाबांचा ट्रक आहे. खडखडतो नुसता. पण बाबांना घेऊन जायचं असलं की ऐकू न आलेलंच बरं."

"हे मला ऐकू येतंय हं," ओव्हिला फोनपाशी बसल्या बसल्या म्हणाला.

आभार मानायचे शब्द रोज दहा वेळा तोंडात येतात, दार धरणाऱ्याला, पाव देणाऱ्याला. आता खरोखरच मानायचे होते तर ते सगळे अपुरे वाटायला लागले. तिने जोसियानचा ग्रीस लागलेला हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तू काय केलंस ते तुला माहीत नाही, पोरी."

"माहीत आहे," जोसियान म्हणाली. "चाकं बदलली. टायर आले की बिल देईन. या चाकांचं काही नाही. फारच वाटलं तर सिपाय करून आणा."

सिपाय म्हणजे त्या भागातला मानाचा पदार्थ, मांसाचे आणि कणकेचे थरावर थर, अख्खी रात्र मंद आचेवर. मारिएलने लगेच कबूल केलं, आणि डोरिसलाही एक द्यायचा हे मनाशी ठरवलं. ओव्हिला दारापर्यंत पोचवायला आला. गाडीच्या खिडकीशी वाकून त्याने ओनिलला म्हटलं, "डावं-उजवं मला चांगलं कळायचं. तूच उलटं सांगायचास." रोझेरने जाता जाता सांगितलं की करवत शनिवारी आणतो, धार लावून.

घराकडे निघाले तेव्हा गाडीत दोघंच होती. मारिएलचं मन भरून आलं होतं. ओव्हिलाने तो निरोप नीट लिहून घेतला असता, तर कोणी हसलं नसतं, ती चिडली नसती, आणि तिने तोंड उघडलं नसतं. कुठले तरी चार टायर बसले असते आणि हिवाळा तसाच गेला असता. त्या म्हाताऱ्याच्या चुकीचेही आपण आभार मानले पाहिजेत, असं तिला वाटलं. पण ओनिल बोलत नव्हता. एवढं सगळं करून आता त्याच्याकडे बोलायलाच काही नसलं तर?

घराचं वळण आलं. तिने गाडी सरळ पुढे काढली.

"वळण गेलं," ओनिल म्हणाला.

"माहीत आहे."

मग तिनेच विचारलं, "मूसला मी खरंच 'किती छान' म्हणाले?"

"खरं आहे. चांगला मोठा होता. मग तुला दिसला आणि तू ब्रेक मारलास."

"मग रागावला नाहीस माझ्यावर?"

"आधी रागावलो. मग सोयीचं वाटायला लागलं."

"सोयीचं?"

"तुला ऐकू येत नाही म्हटल्यावर काहीही बोलता यायचं. शिकवणीहून परत येताना मी दर मंगळवारी एकच गोष्ट सांगायचो. तू हो ना म्हणायचीस. मोकळं वाटायचं मला." तो थांबला. गुडघ्यावरचा हात त्याने दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. "आता ऐकू येतंय. आता जरा अवघड आहे."

"मी रस्त्याकडे बघतेय," मारिएल म्हणाली.

नदीवर ऊन उतरत होतं. एक गाव गेलं. तो बोलेपर्यंत तिने वेग वाढवला नाही आणि कमीही केला नाही.

"मला भीती वाटते, मारिएल. एक दिवस मी बोलेन आणि मला स्वतःलासुद्धा ऐकू येणार नाही."

सवयीने 'हो ना' तिच्या ओठांवर आलंच. याच वाक्याला तिने सात महिने दर मंगळवारी 'हो ना' म्हटलं होतं, कधी हसून, कधी रेडिओचं बटण फिरवता फिरवता. तिने ते गिळलं.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "रोज वाटते. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

ओनिलने खोल श्वास घेतला. शिकवणीच्या बाई शिकवत तसा आवाज उंच करायचा त्याने प्रयत्न केला नाही. आपल्या कुजबुजीतच तो म्हणाला, "बरं झालं. मला वाटत होतं, घाबरलोय तो मी एकटाच."

मारिएलला त्यातला एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही.